काट्यावरचे वजन उतरावे, बारवरचे नव्हे: चरबी कमी करताना ताकद टिकवण्याचे मार्गदर्शन

व्यायामशाळेत वर्षभर नेमाने वजने उचलणाऱ्या माणसाने पोट कमी करायचे ठरवले, की तो पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी एकदम बदलतो. रात्रीची भाकरी आणि भात बंद होतो, ट्रेडमिलवर रोज तासभर पळणे सुरू होते, आणि स्क्वॉटच्या, म्हणजे वजनासह बैठका मारण्याच्या, ज्या बारवर (लोखंडी दांड्यावर) काल ९० किलो होते तिथे ५० किलो लावून वीस-पंचवीस रेप्स (आवर्तने) मारले जातात, कारण जड वजन ‘बल्किंग’साठी (अंग भरण्यासाठी) आणि हलके वजन ‘कटिंग’साठी (चरबी उतरवण्यासाठी) असे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. दोन महिन्यांनी काट्यावर सहा-सात किलो कमी झालेले दिसतात, पण ७० किलोचा बार खांद्यावर घेऊन खाली बसल्यावर उठणे अवघड जाते. चरबीबरोबर ताकदही जायचीच, अशी मग त्याची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे, आणि वरील तीन बदलांपैकी बार हलका करणे हाच सर्वांत महागात पडतो.

पुढील मार्गदर्शन अशा वाचकांसाठी आहे ज्यांना स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट आणि शोल्डर प्रेस हे मूळ प्रकार बऱ्यापैकी बिनचूक करता येतात, पण ज्यांनी ठरवून चरबी कमी करण्याचा प्रयत्न यापूर्वी केलेला नाही. व्यायाम सुरू करून सहा महिनेही झाले नसतील, तर परिस्थिती उलट सोयीची असते, कारण अशा माणसाची ताकद खाणे थोडे कमी असतानाही वाढत राहते.

ताकद जाते कशामुळे

शरीराला लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा मिळाली, की उरलेली गरज ते साठ्यातून भागवते. हा साठा मुख्यतः चरबीचा असला, तरी शरीर स्नायूंमधली प्रथिनेही मोडून वापरू शकते. चरबी किती आणि स्नायू किती हे चार गोष्टींवर ठरते: स्नायूंना जड काम मिळते का, आहारात प्रथिने पुरेशी आहेत का, वजन किती वेगाने उतरते आहे, आणि झोप पूर्ण होते का. ज्या स्नायूला आठवड्यातून दोनदा जवळपास पूर्ण ताकद लावावी लागते, तो राखून ठेवण्याचे कारण शरीराला मिळते. हलक्या वजनाचे पंचवीस रेप्स दमछाक करतात, घाम काढतात, पण जड बार उचलण्याचा सराव त्यातून होत नाही.

हा सरावाचा मुद्दा नवोदितांच्या लक्षात सहसा येत नाही. ताकद म्हणजे केवळ स्नायूंचा आकार नव्हे. एकाच क्षणी किती स्नायूतंतू कामाला लावायचे हे मज्जासंस्था शिकते आणि सराव सुटला की विसरतेही. सांगलीच्या संकेत सरगर यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनगटात स्नॅचमध्ये (एका झटक्यात डोक्यावर) ११३ किलो आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. पंचावन्न किलोच्या शरीराने स्वतःच्या जवळपास अडीचपट वजन डोक्यावर नेणे यात स्नायूंइतकाच वाटा वर्षानुवर्षांच्या जड सरावाचा आहे. आपल्याला पदक मिळवायचे नसले, तरी नियम आपल्यालाही तोच लागू होतो.

पहिली पायरी: दोन आठवडे काहीही न बदलता मोजमाप

आहारात लगेच कपात करण्याची घाई करू नये. पहिले दोन आठवडे नेहमीसारखे खावे, नेहमीसारखा व्यायाम करावा आणि एका वहीत नोंदी ठेवाव्यात. सकाळी शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करावे आणि दर रविवारी सात दिवसांची सरासरी काढावी. एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. आदल्या रात्री लोणचे-पापड जास्त झाले, तरी दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसू शकतो. आठवड्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर मोजावी, श्वास सहज सोडलेला असताना, पोट आत न ओढता.

ताकदीची नोंद करण्यासाठी एकाच रेपचे कमाल वजन आजमावण्याची नवोदितांना गरज नाही आणि ते सुरक्षितही नाही. पाच रेप्सचा जो सर्वांत जड सेट (न थांबता केलेली फेरी) स्वच्छ निघतो तो लिहावा आणि त्यावरून अंदाज काढावा: रेप्सच्या संख्येला ३० ने भागावे, त्यात १ मिळवावा आणि येणाऱ्या आकड्याने बारवरच्या वजनाला गुणावे. ९० किलोचे पाच रेप्स निघत असतील, तर अंदाजे कमाल ताकद १०५ किलो. बारचे स्वतःचे वजन, जे बहुतेक ठिकाणी २० किलो असते, त्यात धरायला विसरू नये. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक निर्णय याच आकड्याकडे पाहून घ्यायचा आहे.

खाण्याची नोंद हा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे, पण दोन आठवड्यांपुरता तो केल्याशिवाय पुढचे सारे अंदाजपंचे होते. स्वयंपाकघरात एक साधा डिजिटल काटा असावा. भाकरीचे पीठ, तांदूळ, डाळ हे कच्चे असताना तोलावेत. आपल्या घरांत खरी अडचण तेलाची असते, कारण भाजी सर्वांची एकाच कढईत होते आणि आपल्या वाट्याला किती तेल आले हे कळत नाही. त्यावर मला सापडलेला मार्ग असा: महिन्याला घरात किती तेल लागते ते पाहावे आणि खाणाऱ्यांच्या संख्येने भागावे. चार माणसांत तीन लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकी दिवसाला २५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २०० कॅलरी. हा आकडा रोजच्या हिशेबात सरळ मिळवून टाकावा. घरच्यांपासून वेगळा स्वयंपाक मांडण्याची गरज नाही. वाटीचे माप आणि दुसऱ्यांदा वाढून घेण्याची सवय एवढ्यावर बरेचसे काम होते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा विकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी, तसेच खाण्याबाबतच्या मानसिक त्रासातून गेलेल्यांनी पुढील कोणतीही पायरी डॉक्टरांशी बोलल्याखेरीज उचलू नये. अठरा वर्षांखालील मुलांनी कपातीच्या वाटेला जाऊच नये.

दुसरी पायरी: कपात किती आणि कुठून

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. त्यामुळे आठवड्याला अर्धा किलो कमी करायचे, तर रोज सुमारे ५५० कॅलरींची तूट लागते. ताकद टिकवायची असेल, तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.५ ते ०.७ टक्के हा वेग योग्य मानावा. ८४ किलोच्या माणसासाठी तो ४२० ते ५९० ग्रॅम होतो. पोटाचा घेर पुष्कळ असेल, तर सुरुवातीला एक टक्क्यापर्यंत जाता येते, आणि मुळात सडपातळ असलेल्यांनी याहूनही सावकाश जावे.

सावकाश जाण्याचा आग्रह धरण्यामागे ठोस कारण आहे. नॉर्वेत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खेळाडूंचे दोन गट केले होते. एका गटाने आठवड्याला ०.७ टक्के, तर दुसऱ्याने १.४ टक्के वजन कमी करायचे होते, आणि दोघांनाही आठवड्यातून चार दिवस वजनांचा व्यायाम होता. सावकाश जाणाऱ्या गटाचे चरबीविरहित वजन कमी होण्याऐवजी सुमारे दोन टक्क्यांनी वाढले. वेगाने जाणाऱ्या गटाला ते साधले नाही. लग्न किंवा समुद्रकिनाऱ्याची सहल सहा आठवड्यांवर आली म्हणून वेग दुप्पट करणाऱ्यांना मी हेच सांगतो, की तारीख निघून जाते आणि गमावलेली ताकद परत मिळवायला पुढचे महिने घालवावे लागतात.

पहिल्या आठवड्यात काटा एकदम एक-दोन किलो खाली आला, तर हुरळून जाऊ नये. स्नायूंमध्ये साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (कर्बोदकांच्या साठ्याबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. खाणे कमी झाले की हा साठा थोडा उतरतो आणि त्यासोबतचे पाणीही जाते. याच काळात बेंच प्रेस नेहमीपेक्षा जड वाटतो, असा अनेकांचा अनुभव आहे. ती ताकद गमावल्याची खूण नसते.

कपात कुठून करायची, हे स्वतःच्याच वहीत दिसते. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पन्नास ग्रॅम फरसाण, म्हणजे अडीचशेच्या आसपास. तेलात थोडी कपात, भाजीतल्या दाण्याच्या कुटात थोडी कपात, आणि पाचशेची तूट भाकरीला हात न लावता पूर्ण होते. नवोदित नेमके उलटे करतात. फरसाण राहते, भाकरी जाते, आणि मग स्क्वॉटच्या दिवशी पाय चालत नाहीत. जड व्यायामाचे इंधन कर्बोदकांतून येते. म्हणून व्यायामाच्या दीड-दोन तास आधी एक ज्वारीची भाकरी किंवा दोन केळी खावीत आणि उरलेल्या वेळी भात मोजून घ्यावा. तेल-तूप पूर्ण बंद करणेही चूक आहे. शरीराच्या दर किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ दिवसभरात पोटात जायलाच हवेत.

तिसरी पायरी: प्रथिने

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. ती सर्वसाधारण निरोगी माणसासाठी आहेत. कमी खात असताना जड वजने उचलणाऱ्याला १.६ ते २.२ ग्रॅम लागतात. ८४ किलोच्या माणसाने दीडशे ग्रॅम हे लक्ष्य ठेवावे. वजन फारच जास्त असेल, तर सध्याच्या वजनाऐवजी जिथे पोहोचायचे त्या वजनावर हिशेब करावा.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात चाळीस तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा चाळीस टक्के कमी ऊर्जा आणि कठोर व्यायाम दिला गेला. दर किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची सरासरी ३.५ किलो चरबी गेली आणि स्नायू जेमतेम टिकले. २.४ ग्रॅम घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले. चाळीस टक्क्यांची कपात कुणी घरी करून पाहू नये. प्रथिनांमुळे केवढा फरक पडतो एवढेच त्यातून घ्यावे.

आपल्या नेहमीच्या ताटाचा हिशेब मांडला, की उणीव कुठे आहे ते कळते. दोन भाकऱ्यांत अकरा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा, वाटीभर दह्यात साडेतीन, भाजीत तीन, म्हणजे एका जेवणात तेवीस-चोवीस. अशी दोन जेवणे आणि सकाळचे पोहे धरले, तरी बेरीज पन्नास-पंचावन्नच्या वर जात नाही. म्हणजे रोज नव्वद-शंभर ग्रॅमची भर घालावी लागते, आणि ती सुद्धा कॅलरी फारशा न वाढवता. शाकाहारी माणसाने पन्नास ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे (२६ ग्रॅम), शंभर ग्रॅम पनीर (१८), अर्धा लिटर साय काढलेले दूध (१६) आणि एक माप व्हे प्रोटीन, म्हणजे दुधातून वेगळ्या काढलेल्या प्रथिनांची पूड (२४), घेतले, तर चौऱ्याऐंशी ग्रॅम होतात, म्हणजे बहुतेक उणीव भरून निघते. मांसाहारी माणसाला चार अंडी (२४), कच्चे तोलून दोनशे ग्रॅम कोंबडीचे छातीचे मांस (४५) आणि शंभर ग्रॅम बांगडा (१९) यांतून त्याहून थोडी जास्तच मिळतात. व्हे ही सोय आहे, सक्ती नव्हे. घ्यायचे तर डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक आणि पोषणमूल्यांचा तक्ता पाहूनच घ्यावे. दह्याचा चक्का करून ठेवणे ही मला स्वतःला सर्वांत आवडलेली युक्ती आहे. साय काढलेल्या दुधाच्या दह्याचा चक्का लसूण, जिरे आणि मीठ घालून भाकरीबरोबर फार चांगला लागतो.

दोन गैरसमज येथे दूर करणे भाग आहे. शेंगदाण्यांना आपण प्रथिनांचा खजिना समजतो. शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिने असतातही, पण त्याबरोबर साडेपाचशेहून अधिक कॅलरी येतात, म्हणून या काळात ते मूठभरच ठीक. दुसरा गैरसमज तालमीच्या खुराकाचा. तूप, दूध, बदामाची थंडाई हा पैलवानांचा आहार रोज शेकड्यांनी जोर-बैठका आणि तासन् तास लढत करणाऱ्या शरीरासाठी घडलेला आहे. आठ तास खुर्चीत बसणाऱ्याने तो आदराने बाजूला ठेवावा.

उपवासाच्या दिवसांचा विचार आधीच करून ठेवावा. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. म्हणून एकादशी-चतुर्थीला राजगिरा, दूध, दही, पनीर यांवर भर द्यावा आणि त्या दिवशी डेडलिफ्ट ठेवू नये. श्रावणात मांसाहार बंद करणाऱ्यांनी सोया आणि चक्क्याची तजवीज आषाढातच करावी, कारण दरवर्षी याच महिन्यात अनेकांची प्रथिने निम्म्यावर येतात.

चौथी पायरी: बार जड ठेवा, सेट कमी करा

सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. कमी खाण्याने मुख्यतः घटते ती थकव्यातून सावरण्याची क्षमता. एखादा जड सेट उचलण्याची ताकद त्यामानाने पुष्कळ टिकून राहते. म्हणून कपात करायची ती एकूण कामात, बारवरच्या वजनात नव्हे. ताकद टिकवायला लागणारे काम ती कमावायला लागणाऱ्या कामापेक्षा पुष्कळ कमी असते. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुण मंडळींनी चार महिने कमावलेली ताकद त्यानंतर कितीतरी महिने एक तृतीयांश, इतकेच नव्हे तर एक नवमांश कामावरही टिकवून ठेवली. अट एकच होती, की वजन जड राहिले पाहिजे. ते लोक आहारात कपात करत नव्हते, म्हणून आपण इतक्या टोकाला जाऊ नये. नेहमीच्या सेटांपैकी एक तृतीयांश ते निम्मे कमी करणे पुरेसे होते.

प्रत्यक्षात हे कसे दिसते ते पाहू. समजा आपला माणूस ८४ किलोचा आहे, स्क्वॉट ९० किलो, बेंच ६० आणि डेडलिफ्ट ११० किलोवर पाच रेप्स करतो, आणि आतापर्यंत तो ९० किलोवर पाच सेट करत आला आहे. आता त्याने नीट वॉर्म-अप करून ९० किलोचा पाच रेप्सचा एकच मुख्य सेट करावा. नंतर ८० किलोवर पाच-पाच रेप्सचे दोन सेट करून थांबावे. मुख्य सेटाआधी आणि नंतर तीन ते पाच मिनिटे विश्रांती घ्यावी. ‘चरबी जळावी’ म्हणून विश्रांती एका मिनिटावर आणणे म्हणजे जड सेट स्वतःहून बिघडवणे होय. प्रत्येक सेटात एक-दोन रेप्सचा हातचा राखून ठेवावा. बार अंगावर येईपर्यंत ताणण्याचा हा काळ नाही.

आठवड्यात तीन दिवस पुरतात. सोमवारी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि रोइंग. बुधवारी डेडलिफ्ट, शोल्डर प्रेस आणि पुल-अप्स. शुक्रवारी पुन्हा स्क्वॉट आणि बेंच, पण स्क्वॉट थोडा हलका, ८० किलोवर तीन सेट. दंड, खांद्याच्या बाजू, पोटऱ्या यांचे लहान व्यायाम वेळ आणि उत्साह उरला तर दोन-दोन सेट करावेत. काही कमी करावे लागले, तर पहिली कात्री यांनाच लावावी. डेडलिफ्टने कंबर आणि मांड्या दीर्घकाळ थकतात, म्हणून त्याचा मुख्य सेट आणि नंतर फार तर एकच हलका सेट पुरे.

वाईट दिवस येणारच. झोप झालेली नसते, दुपारचे जेवण राहून गेलेले असते, आणि ७० किलोचा वॉर्म-अपच जड वाटतो. अशा वेळी नवोदित बारवरून वीस किलो उतरवतो. त्याऐवजी वजन तेच ठेवून रेप्स कमी करावेत, म्हणजे ९० किलोचे पाचऐवजी तीन करून थांबावे. तेही स्वच्छ निघणार नसतील, तर पाच टक्के कमी करून ८५ वर यावे आणि पुढच्या वेळी ९० कडे परतावे. याच्या उलट, एखाद्या दिवशी ९० किलोचे सहा रेप्स सहज निघाले, तर पुढच्या खेपेस सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट दोन्ही बाजूंना लावून ९२.५ करण्यात काहीच गैर नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत असे घडते.

मी स्वतः पहिल्या खेपेला बार हलका केला होता. दहा आठवड्यांत नऊ किलो उतरले, स्क्वॉट ११० वरून ८५ वर आला आणि पूर्वीच्या जागी पोहोचायला पाच महिने गेले. दुसऱ्या खेपेला चौदा आठवडे लावून सात किलो उतरवले आणि शेवटच्या आठवड्यातही ११० किलोचे चार रेप्स निघाले. दोन्ही वेळी माझ्या इच्छाशक्तीत फरक नव्हता. बारवर काय ठेवले आणि घाई किती केली, एवढाच फरक होता.

घरी जोर-बैठका आणि पुल-अप्स करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शरीर हलके झाल्यावर तेवढेच जोर सोपे जातात, म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते. शरीराचे जेवढे वजन कमी झाले, तेवढे पाठीवरच्या पिशवीत भरून व्यायाम केला, तर खरी तुलना होते.

चालणे, झोप आणि क्रिएटिन

पळण्यापेक्षा चालणे बरे. रोज आठ ते दहा हजार पावले टाकल्याने तूट सांभाळणे सोपे जाते आणि पायांच्या सावरण्यावर फारसा ताण पडत नाही. पळायचेच असेल तर स्क्वॉटच्या दिवशी, त्याच्या आधी पळू नये. वेगळा दिवस निवडावा किंवा मध्ये सहा तासांचे अंतर ठेवावे.

झोपेला मात्र मी आहाराच्या बरोबरीचे स्थान देतो. शिकागो विद्यापीठात दहा जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात, त्याच माणसांना सारख्याच कमी आहारावर एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची संधी दिली गेली. चौदा दिवसांत वजन दोन्ही वेळा सुमारे तीन किलोच उतरले. पण पुरेशी झोप असताना त्यात १.४ किलो चरबी होती आणि अपुरी असताना ०.६ किलो. उरलेले चरबीविरहित वजन गेले. परदेशी कंपन्यांसाठी रात्रपाळी करणाऱ्यांनी खोलीला जाड पडदे लावून सलग सात तास मिळवण्याची व्यवस्था आधी करावी आणि मगच कपातीला हात घालावा.

पूरक पदार्थांपैकी क्रिएटिन मोनोहायड्रेट (जड सेटांना मदत करणारी पूड), रोज तीन ते पाच ग्रॅम, खर्च करण्याजोगे आहे. ते स्नायूंमध्ये पाणी धरून ठेवते, त्यामुळे काटा किलोभर वर गेला तर घाबरू नये. ते आधी घेत नसाल, तर मोजमापाच्या दोन आठवड्यांतच सुरू करावे, म्हणजे पुढचे आकडे गोंधळात टाकणार नाहीत. चरबी जाळणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत.

पाचवी पायरी: दर रविवारी वही वाचणे

वजनाची सरासरी, कंबर आणि तीन मुख्य प्रकारांची अंदाजे कमाल ताकद, हे सारे शेजारी-शेजारी लिहून पाहावे. वजन ठरल्या वेगाने उतरते आहे आणि ताकद पाच टक्क्यांच्या आत वरखाली होते आहे, तर काहीही बदलू नये. ९० किलोचे पाचऐवजी चार रेप्स निघणे हा चढउताराचाच भाग आहे. पण वजन आठवड्याला एक टक्क्याहून जास्त पडते आहे आणि दोन आठवडे सलग तीनच रेप्स निघत आहेत, म्हणजे अंदाज १०५ वरून ९९ वर आला आहे, तर कपात जास्त झाली आहे असे समजावे. अशा वेळी रोजच्या आहारात दीडशे-दोनशे कॅलरी, शक्यतो भाकरी किंवा भाताच्या रूपाने, परत घ्याव्यात. वजन दोन आठवडे जागचे हलले नाही पण कंबर अर्धा सेंटिमीटर कमी झाली, तर धीर धरावा. वजन आणि कंबर दोन्ही तीन आठवडे स्थिर असतील, तरच दीडशे कॅलरी कमी कराव्यात किंवा दोन हजार पावले वाढवावीत. दोन्ही एकदम करू नये.

स्त्रियांनी वजनाची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या पाळीच्या त्याच टप्प्याशी करावी. पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी साचून काटा एक-दोन किलो वर जाऊ शकतो, आणि त्या आकड्याकडे पाहून आहार आणखी कमी केल्याने निष्कारण ताकद जाते.

एकटी ताकद पडत असेल आणि वजन जागेवर असेल, तर दोष बहुधा आहाराचा नसतो. झोप, लपलेले दुखणे, किंवा नकळत वाढलेले सेट यांत कारण शोधावे.

सहावी पायरी: विश्रांती आणि परतीचा प्रवास

सलग आठ ते बारा आठवड्यांच्या कपातीनंतर दोन आठवडे पूर्वीइतके, म्हणजे वजन स्थिर ठेवणारे, जेवण घ्यावे. आपल्याकडे सणांचे दिवस हे त्यासाठी फार सोयीचे पडतात. जूनच्या सुरुवातीला कपात सुरू केली, तर साधारणपणे गणपतीच्या सुमारास ही विश्रांती येते. उकडीचे मोदक मनात अपराधी भावना न बाळगता खाता येतात, आणि त्या दोन आठवड्यांत बार पुन्हा हलका वाटू लागतो.

ठरवलेल्या कंबरेपर्यंत पोहोचल्यावर एकदम पूर्वीसारखे खाऊ नये. दर आठवड्याला रोजच्या आहारात दीडशे-दोनशे कॅलरी वाढवाव्यात, त्याही आधी व्यायामाच्या दिवशी. वजन किलो-सव्वा किलोने वर येईल. ते परतलेले ग्लायकोजेन आणि पाणी असते, चरबी नव्हे, म्हणून पुन्हा कपातीकडे वळू नये. आपला माणूस आता ७७-७८ किलोचा झालेला असतो. वजन तीन आठवडे स्थिर राहिले, की स्क्वॉटचा एक सेट वाढवावा: ९० किलोचा मुख्य सेट तसाच, आणि त्यानंतर ८० किलोवर दोनऐवजी तीन. दोन आठवड्यांनी बेंचचाही एक सेट वाढवावा. प्रथिने दर किलोमागे १.६ ग्रॅमवर आणली तरी चालतात. त्यानंतर ज्या दिवशी ९० किलोचे सहा रेप्स निघतील, त्याच्या पुढच्या सोमवारी बारला सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट लावाव्यात.